देवळीतल्या दोन डब्या

जावयानं सासुरवाडीला येऊन काय मागावं, याला काही रीत असते. कुणी अंगठीवर अडून बसतं, कुणाला सायकल हवी असते, कुणी जेवणात खोट काढतं. राग येतो, पण तो गिळता येतो, कारण मागणं ओळखीचं असतं. बनुबाईच्या जावयानं, मच्छिंद्रनं, धोंड्याच्या महिन्यात बायकोला माहेरी सोडायला आल्या आल्या, पायावर पाणी घ्यायच्या आधी, खालच्या चोपण रानातलं पाणी मागितलं. तेही छबूबाईसमोर.

छबूबाई म्हणजे बनुबाईची धाकटी जाऊ. चुली वेगळ्या झाल्या तरी ओटा एकच होता, आणि त्या ओट्यावर जे बोललं जाईल ते दिवेलागणीच्या आत विठोबाच्या देवळापर्यंत पोचवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

चोपण रान ही त्या घराची दुखरी जागा. कोल्हारच्या अलीकडं पाटाच्या कडेला असलेला तो तुकडा एके काळी गावात नावाजलेला. बनुबाईच्या नवऱ्यानं तिथं ऊस लावला आणि वर्षानुवर्षं पाणी असं सोडलं की जमिनीनं पोटातलं मीठ वर ओकलं. आता उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर चढायचा आणि कडेच्या खड्ड्यात हिरवट खारं पाणी साचून राहायचं, ज्याला म्हैससुद्धा तोंड लावत नसे. नवरा गेला, रान राहिलं. घरात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

"कशाला पाहिजे ते पानी?" बनुबाईनं विचारलं. जावई म्हणून आवाज खाली ठेवला होता. तेवढ्यानंच तिचा घसा दुखायला लागला.

"खारं आहे ना, मामी. खारंच लागतं."

"कोनाला?"

"किड्यांना."

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. धोंड्याचा महिना होता, या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला ताटात वाढायचं, ओवाळायचं, वाण द्यायचं. झापायचं नाही. बनुबाईनं त्याला पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि बोलायचं होतं ते पुढच्या महिन्यासाठी बाजूला ठेवलं.

मच्छिंद्र श्रीरामपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. माणूस निर्व्यसनी, सरळ, बायकोला उणा शब्द न बोलणारा. त्याला नाद एकच, रंगीत माशांचा. लग्न झालं तेव्हा त्याच्या खोलीत भांडी कमी आणि काचेच्या पेट्या जास्त होत्या. बनुबाईनं तेव्हाच लेकीला सांगून ठेवलं होतं, "नावच मच्छिंद्र. ज्याचं नाव माशाच्या पोटातून आलं त्याला मासं सोडायला सांगू नगं, उपेग न्हाई." विजयमालानं सांगितलं नव्हतं. तीन वर्षं ती माशांच्या पेट्या पुसत होती.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मच्छिंद्र मेव्हण्याला, सहादेवला, आपला बेत समजावत बसला. माशांना पिल्लं होतात, पण ती इतकी बारीक की पीठ टाकलं तर मरतात, त्यांना जिवंत खाणं लागतं. मुंबईच्या एका दोस्तानं त्याला मिठागरातल्या किड्याची पूड दिली होती. हा किडा समुद्राकडच्या मिठागरात राहतो, इतक्या खारट पाण्यात की तिथं दुसरं काही जगत नाही, म्हणून त्याला खायलाही कुणी येत नाही. मुंबईची पूड पुरत नाही. चोपण रानातल्या पाण्यात हे किडे वाढवून बघावेत, जमलं तर दर वेळी मुंबईकडं हात पसरायला नको.

"पन पूड कशाची?" सहादेवनं विचारलं.

"अंडी आहेत. वाळलेली. एका चिमटीत हजारो."

आत भांडी घासणारे हात थांबले. बनुबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती, वयात आल्यापासूनची. घरात अंडं सोडा, अंड्याचं नाव निघत नसे. दर एकादशीला देवळात बायकांच्या बाजूनं हरिपाठाला पहिला आवाज तिचाच असायचा, आणि कुणाच्या घरात काय शिजलं याचा वास तिला तिथं बसल्या बसल्या यायचा. गेल्या वर्षी छबूबाईच्या धाकट्या सुनेनं डॉक्टरच्या सांगण्यावरून अंडं खाल्लं, तर बनुबाईनं तिला पुंजाराम बुवांसमोर तिची माळ देवापुढं काढून ठेवायला लावली होती, आणि तेव्हापासून ती हरिपाठाला मागं बसायची. दुखणाईत होती, हे खरं. पण माळ ही माळ असते, असं बनुबाई म्हणाली होती, आणि छबूबाई ते विसरली नव्हती.

"काय हाय म्हनला, जावईबापू?"

"अंडी, मामी. पण कोंबडीची नव्हेत. आणि माणसानं खायची नव्हेत."

"दुसरं काय तरी म्हना की त्याला."

मच्छिंद्रनं प्रामाणिकपणे विचार केला. "दुसरं काय म्हणू? अंडी ती अंडीच. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू?"

"मग ती गोठ्यात ठेवा. माज्या घरात न्हाई. मला दाखवू पन नका."

मच्छिंद्रनं मान हलवली आणि डबी गोठ्यात नेऊन ठेवली. इथवर तो चुकला नव्हता. पण गोठ्यात शेणाची, मुताची ओल. ओल लागली तर पूड तिथंच फुटायची आणि मरायची. झोपण्याआधी तो हळूच गेला, डबी घेऊन आला, आणि मागच्या भिंतीतल्या देवळीत, मोरीच्या वर, कोरड्या जागी ठेवली. ती डबी विजयमालानं त्याला दिलेली. कोल्हारच्या भगवतीच्या जत्रेत बनुबाईनं कधी काळी सारख्या दोन डब्या घेतल्या होत्या, पत्र्याच्या, झाकणावर मोर असलेल्या. एक लेकीला लग्नात दिली. दुसरी तिची स्वतःची मिश्रीची, आणि ती त्याच देवळीत असायची.

सकाळी बनुबाई उठली, सडा टाकला, देवळीत हात घातला, डबी काढली आणि ओट्यावर येऊन बसली. तिच्या पलीकडं छबूबाई आपली मिश्री लावत होती. बनुबाईनं चिमूट घेतली, दातांवर फिरवली. पूड बारीक होती, रंग तोच, भाजक्या तंबाखूचा. पण झणका नव्हता. जिभेला काहीच लागेना, नुसती कचकच, आणि कसलासा ओलसर वास.

"तंबाकूत माती मिसळतो मेला," ती दुकानदाराला म्हणाली, जो तिथं नव्हता. "पयशे तंबाकूचे घेतो आन रस्त्यावरची धूळ भाजून देतो."

"लई दिस झालं असतील तिला," छबूबाई म्हणाली.

"परवाच भाजलीय मी." तिनं दुसरी चिमूट घेतली, आधीपेक्षा मोठी, आणि झणका येईल या आशेनं दाबून घासली. मागच्या दाढांपर्यंत.

मच्छिंद्र हातात काचेची बरणी घेऊन मागच्या दारानं आला. देवळीत एकच डबी. उघडली, तर तंबाखूचा वास. त्यानं ओट्याकडं पाहिलं. सासूच्या तळहातावर मोराची डबी उघडी, आणि तिचं बोट तोंडात.

छबूबाई बसली होती म्हणून तो काही बोलला नाही. हे त्याचं भलेपण, आणि बनुबाईनं पुढं ते त्याच्या बाजूनं धरलं. तो विजयमालाकडं गेला, तिच्या कानाशी बोलला, आणि विजयमालाच्या हातातून तांब्या पडला. छबूबाई दूध काढायला उठून गेल्यावर लेकीनं आईला सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, ते तिचं तिला माहीत. बनुबाईनं अख्खी घागर चुळा भरण्यात संपवली. त्या वर्षी पाटाला पाणी कमी होतं आणि विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती, पण त्या सकाळी तिला कुणी अडवलं नाही.

मग ती घरात आली आणि जावयासमोर उभी राहिली. "गोठ्यात ठेवा म्हनलं हुतं."

"हो, मामी. ओल होती."

"पोटात गेलं असंल का?"

मच्छिंद्रनं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "मामी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तसं बघितलं तर ती अंडी नाहीतच. बीच म्हणायचं त्याला. वाळवलेलं बी. पाण्यात टाकलं की रुजतं."

बनुबाईनं ओलं तोंड पदरानं पुसलं. "काल अंडी हुती. झोपून उठला तवर बी झालं?"

"म्हणजे... दोन्ही म्हणतात."

"कोन म्हनतं?"

मच्छिंद्रनं बरणी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," बनुबाई म्हणाली. "बी असंल तर कळंल. अंडं असंल तरी कळंल. बियानं काय असतं ते मला कुनी शिकवायला नगं. तुमचं ते पानी घाला त्या बरणीत आन माज्यासमोर रुजवा."

तिनं गळ्यातली माळ काढली, देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला अडकवली, आणि पदर गळ्याभोवती घट्ट घेतला. निकाल लागेपर्यंत माळ तिथंच राहणार होती. बी निघालं तर माळ परत गळ्यात, कुणाला कळायचंही नाही. अंडं निघालं तर देवळात पुंजाराम बुवांपुढं जाऊन सांगायचं, छबूबाईच्या सुनेला सांगावं लागलं तसं. ही दुसरी गोष्ट बनुबाईला मरणासारखी वाटत होती, पण तिनं ती मोजून बाजूला ठेवली होती, काढून टाकली नव्हती.

मच्छिंद्रनं चोपण रानातलं पाणी फडक्यानं गाळून आणलं, त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं. चव बघ म्हणाला तर सहादेव थुंकला. पूड चिमूटभर. बरणी खिडकीशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात नारिंगी ठिपके उडत होते. उडतच होते म्हणायचं, कारण ते सरळ जात नव्हते, झटके देत जात होते. वर तपकिरी फोलपटं तरंगत होती, बाजरी पाखडल्यासारखी.

"फोलपट," बनुबाई म्हणाली. "बियालाच असतं फोलपट."

"अंड्यालापण टरफल असतं, आई," विजयमाला म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांकडं बघून चहा करायला गेली.

मच्छिंद्रनं बरणीचा एक कोपरा सोडून बाकी फडक्यानं झाकलं, तर सगळे ठिपके उजेडाच्या कोपऱ्यात गोळा झाले. बनुबाईला हेही पटलं. कोंबसुद्धा उजेडाकडंच वळतो. मूळ कुठं दिसत नव्हतं, पण पाण्यात मूळ कशाला लागेल?

"आन एक सांगा," ती म्हणाली. "अंडं असतं तर उबवावं लागलं असतं. ह्याच्यावर बसलं कोन?"

"बरोबर आहे, मामी," मच्छिंद्र घाईनं म्हणाला. "कुणीच नाही बसलं. म्हणून तर बी."

इतक्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसावर बनुबाईचा कधीच विश्वास नव्हता. बैल विकणारे असंच करतात.

दोन दिवसांनी तो नोकरीवर गेला. बरणी मागं राहिली. जाताना त्यानं विजयमालाला सगळं सांगितलं. हौदातलं हिरवं पाणी रोज थोडं घालायचं, पीठ घालायचं तर वस्त्रगाळ आणि नावापुरतं, पाणी आटलं तर साधं पाणी घालून बरणीवरच्या खुणेपर्यंत आणायचं, कारण मीठ आटत नाही, पाणीच आटतं. विजयमालानं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हे सगळं बनुबाई करायला लागली, कारण लेकीच्या हाताला अंदाज नाही असं तिचं मत होतं.

अंदाज तिचाच चुकला. पाहुण्याला वाढावं तसं तिनं बाजरीचं पीठ घातलं. संध्याकाळपर्यंत बरणीत ताक झालं आणि सकाळी निम्मे ठिपके तळाला पडले. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पाणी नितळून घेतलं, उरलेले दुसऱ्या बरणीत काढले, आणि त्यानंतर पीठ सुईच्या टोकावर मावेल एवढंच. ऊन वाढलं तेव्हा बरणी रांजणाखालच्या ओल्या वाळूत अर्धी रोवली. सहादेव म्हणाला, "आई, माजी बाजरी पन अशी सांभाळ की." त्याला उत्तर मिळालं नाही, भाकरी मात्र एक कमी मिळाली.

एकादशी आली. संध्याकाळी टाळ वाजायला लागले तशी छबूबाई दारात आली. "जाऊबाई, येताय ना?"

"न्हाई."

"आं? बरं न्हाई का?"

"बरं हाय."

"मग?"

"मग काय? न्हाई म्हनलं."

बनुबाईनं आयुष्यात कधी कारण दिलं नव्हतं, ते आता कामाला आलं. पण देवळातून हरिपाठाचा पहिला आवाज आला तो छबूबाईचा होता, आणि तो सुराला सोडून होता, आणि त्याला टोकायला तिथं कुणी नव्हतं. बनुबाई रांजणाजवळ बसून बरणीत बघत राहिली.

ठिपके आता ठिपके राहिले नव्हते. नखाएवढे लांब झाले होते, काचेसारखे, आतलं हिरवं पाणी पोटातून जाताना दिसायचं. पोहायचे उताणे, पाठ खाली, पोट वर. पोटावर पिसासारख्या पायांच्या दोन रांगा, त्या एका लयीत हलायच्या, वाऱ्यावर गव्हाचं शेत हलतं तशा. बरणी उचलून उजेड खालून आणला तर हे पालथे व्हायचे. ज्याला पाठ कुठली ते उजेड सांगतो, ते झाड नव्हे, हे बनुबाईला त्याच दिवशी कळलं. तरी तिनं ते मनात मागं सारलं. पाय असलं तरी काय झालं, ती स्वतःला म्हणाली, वेलालाही ताणे असतात.

मग त्यांच्यात नर-मादी दिसायला लागले. नराच्या तोंडाशी आकड्यासारखं काहीतरी, त्यानं तो मादीला मागून धरायचा आणि मग दोघं जोडीनं फिरायची, बरणीभर, दिवसच्या दिवस. बनुबाईनं बरणीवर फडकं टाकलं.

"काय झालं?" विजयमालानं विचारलं.

"काय न्हाई. ऊन लागतंय त्यांला."

"सावलीतच तर हायेत."

"तू तुजं काम बघ."

मादीच्या पोटाखाली, पाय संपतात तिथं, पिशवी आली. पिशवीत दाणे. पौर्णिमेनंतरच्या एका दुपारी बनुबाई समोर बसलेली असताना पिशवीतून ठिपके बाहेर पडले. आधीसारखेच नारिंगी, तसेच झटके देणारे, फोलपट नाही, टरफल नाही. जिवंतच. गाय व्याली तशी ती व्याली.

ही जित्राबं होती. आता प्रश्न एवढाच उरला, की ही जर लेकरं अशी घालतात, तर डबीतली पूड कुठून आली? पूड वेगळी असेल, कशाचं तरी बी असेल, या किड्याचं नसेलच, अशी एक फट अजून होती. त्या फटीतून माळ परत गळ्यात येऊ शकत होती.

तिनं दुसरी बरणी केली. चार-पाच माद्या त्यात सोडल्या आणि मुद्दाम पाणी घातलं नाही. रोज आटत गेलं, मीठ घट्ट होत गेलं, काचेला पांढरा कड चढला, चोपण रानासारखा. किडे लालसर पडले, खाणं कमी झालं. पिशव्या पुन्हा भरल्या. या वेळी पिशवीतले दाणे नारिंगी नव्हते, तपकिरी होते, आणि बाहेर पडले ते पोहले नाहीत. तरंगत काठाला जाऊन चिकटले. बनुबाईनं कोंबडीच्या नव्हे, मोराच्या पिसानं ते गोळा केले, फडक्यावर सावलीत वाळवले, बोटांत घेतले. कचकच. रंग भाजक्या तंबाखूचा. तिनं वास घेतला आणि ओट्यावरची ती सकाळ तिच्या तोंडात परत आली.

म्हणजे पाणी चांगलं असलं की ही बाई लेकरं जिवंत घालते, आणि पाणी वाईट झालं की तीच लेकरं बांधून, कोरडी करून, बाजूला ठेवून देते. बरे दिवस येतील तेव्हा फुटतील. विजयमाला म्हणाली, "शहाणी हाय की." खुंटीवरच्या माळेला धूळ बसली होती. तिनं ती पुसली आणि परत तिथंच अडकवली.

महिन्याच्या शेवटच्या एकादशीलाही ती गेली नाही. द्वादशीला धोंड्याचं जेवण होतं. पुरण घातलेले धोंडे, आमटी, कुरडया. मच्छिंद्र नवे कपडे घालून आला. बनुबाईनं त्याला ओवाळलं, वाण दिलं. पुंजाराम बुवांना तिनं आदल्या दिवशी सहादेवला पाठवून बोलावलं होतं, आणि छबूबाईला बोलावलं नव्हतं तरी ती आली होती.

पानं मांडली, जेवणं सुरू झाली. बनुबाई वाढायला वाकली आणि पदर सरकला.

"अगं बाई," छबूबाई म्हणाली, अगदी मऊ आवाजात, बुवांना ऐकू जाईल एवढ्या. "जाऊबाई, गळा मोकळा? माळ कुठं गेली?"

बुवांनी हातातला घास खाली ठेवला. सहादेवनं आईकडं पाहिलं. विजयमाला दारात तांब्या धरून उभी होती. आणि बनुबाई तोंड उघडणार तेवढ्यात मच्छिंद्र बोलला. बिचाऱ्यानं वाटेत एसटीत बसून सगळं ठरवून आणलं असावं.

"बुवा, त्यात काही नाही. माझ्या हातून डबी देवळीत राहिली, मामींनी मिश्री समजून जरा दाताला लावली. मामींना उगीच शंका आली. पण ते बी होतं. समुद्राकडच्या एका वनस्पतीचं. मी चौकशी केलीय, तिकडं शाकाहारी लोक औषधात घेतात."

"बी?" बुवा म्हणाले. "मग हरकत काय?"

"तेच मी म्हणतो. हरकत नाहीच."

छबूबाईचा चेहरा उतरला. सगळं तिथंच मिटत होतं. बनुबाईनं नुसती मान हलवली असती तर माळ त्याच पंगतीत गळ्यात आली असती, बुवांच्याच हातानं.

तिनं धोंड्यांची परात खाली ठेवली. आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा एका हातात खुंटीवरची माळ होती आणि दुसऱ्या हातात मोराची डबी. माळ बुवांच्या पानाजवळ ठेवली. डबी जावयाच्या पानाजवळ.

"उघडा," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं उघडली. "ही तर माझीच."

"तुमचीच. माज्या तोंडात दोन चिमटी गेल्या, दोन चिमटी भरून दिल्यात. माज्या बरणीत झाल्यात त्या. कुठनं झाल्या, कशा झाल्या, ते मी डोळ्यानं बघितलंय. रांजणाखाली बरणी हाय, बुवांनाबी बघू द्या." मग ती बुवांकडं वळली. "बुवा, ते बी न्हवतं. अंडी हुती. चुकून गेली, पन गेली. माळ मीच काढलीय. परत घालायची का न्हाई, कवा घालायची, ते तुमी सांगा. तवर मी मागं बसंन, छबूबाईच्या सुनेच्या शेजारी."

छबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि परत सोडलं.

मच्छिंद्रची मान पानात होती. "मामी, मी तुमच्यासाठीच म्हणालो."

"ते मला कळतंय," बनुबाई म्हणाली. धोंड्याचा महिना अजून संपला नव्हता, आणि तिनं आवाज खालीच ठेवला, पण शब्द एकही गिळला नाही. "जावईबापू, ऐका. पहिल्या दिवशी तुमी ह्या घरात अंडी म्हनला, तवा मला राग आला. ते खरं हुतं. दुसऱ्या दिवशी बी म्हनला, तवा मला लई बरं वाटलं. ते खोटं हुतं. आन आज परत तेच बोलला, बुवांच्या तोंडावर, धोंडा हातात धरून. मानूस तुमी वाईट न्हाई. माज्या लेकीला तुमी नीट ठेवलंय, तिच्या आईची अब्रू छबूबाईपुढं राखली, हे मी ध्यानात ठेवलंय. पन सासूच्या भ्यानं बोली बदलता, ही तुमची खोड. भ्यायचंच असंल तर गोठ्यात ठेवा म्हनलेलं घरात आनायला भ्या. हितनं पुढं ह्या घरात अंड्याला अंडं म्हनायचं. मला ऐकवत न्हाई ते माजं मी बघीन. आता जेवा, धोंडं गार व्हायलेत."